दोन लाल पाट्या

त्या दुपारी आमच्या टॅबवर दोन लाल पाट्या होत्या. एकीच्या मागे माझी मुलगी होती आणि दुसरीच्या मागे चोर होता. कोणत्या पाटीमागे कोण, हे ओळखायला आमच्याकडे चंद्र मावळेपर्यंतचाच वेळ होता. तुम्ही असता तर कोणती पाटी उघडली असती? लगेच सांगू नका. आम्हीही आधी चुकत होतो.

माझी मुलगी मंजिरी चंद्रावर काम करते. तिथे दक्षिण ध्रुवाजवळ काही विवरं (उल्का आदळून पडलेले मोठे खड्डे) आहेत. त्यांच्या तळाशी कधीच ऊन पोहोचत नाही, म्हणून तिथे बर्फ टिकून आहे. तो बर्फ काढून त्याचं पाणी करणारी माणसं जिथे राहतात, त्या वस्तीला शिशिर तळ म्हणतात. मंजिरीची मुलगी कस्तुरी माझ्याजवळ निगडेवाडीला असते, सातवीत शिकते. तिचे वडील समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतात, ते महिन्यातून एकदा येतात. एरवी घरात आम्ही दोघंच. पूर्वी इंदू होती, कस्तुरीची आजी. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मंजिरी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होती. ती बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही. तिथून कामाचे निरोप उपग्रहामार्फत येतात, पण घरच्यांशी गप्पा मारायला तो मिळत नाही. म्हणजे पुढचे चार महिने बोलणं नाही. आजची आमची पाळी शेवटची होती.

अमावास्या जवळ आली होती. अशा दिवसांत चंद्र सूर्याच्या आगेमागेच फिरतो. दिवसभर वर असतो, पण उजेडात दिसत नाही, आणि दिवस बुडायच्या आधीच मावळतो. तो मावळला की आमच्या भागाची पाळी संपते.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी धुणी काढतात. वाकळा, गोधड्या, सतरंज्या, पडदे, पोती, सगळं नदीवर जातं. एक चिंधीसुद्धा न धुता ठेवायची नाही, असा रिवाज आहे. ओझं वाहायला आमच्याकडे चार पायांचं एक यंत्र आहे, कस्तुरी त्याला नंदी म्हणते. सकाळी नंदीच्या पाठीवर वाकळा लादून ती नदीवर गेली आणि शेजारच्या भामावहिनींच्या हवाली करून परत आली. मी गेलो नाही. इंदू गेल्यापासून मी नदीवर जातच नाही.

दुपारी जेवण झालं आणि मी टॅब हातात घेतला. तर मंजिरीच्या तळाचं पान उघडेना. लाल पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, "या ठिकाणाची ओळख पटत नाही. इथे कोणीतरी सोंग घेऊन बसलेलं असू शकतं." खाली बारीक अक्षरांत एक बटण होतं, "तरीही पुढे जा."

"कस्तु, टॅबला कोणी हात लावला होता?"

ती दारातच थांबली. "मी धुतला."

"पाण्यात?"

"पाण्यात कशाला धुवेन, आबा? आतून धुतला. ब्राउझरचा इतिहास पुसला."

"का?"

"तुम्ही उघडला की त्याच्यात ती जाहिरात येते. प्राणवायूच्या यंत्राची. पलंगाची पण येते, कळ दाबली की डोकं वर होणाऱ्या. आली की तुम्ही टॅब पालथा ठेवता आणि ओट्यावर जाऊन बसता."

मी या गोष्टीबद्दल घरात कधी बोललो नव्हतो.

"मग मी काढून टाकलं," ती म्हणाली. "यादी होती. एकेका चौकोनात खूण करायची. मी सगळ्यांत केली. आज काही शिल्लक ठेवायचं नसतं ना."

तिला रागावण्यासारखं काही नव्हतं. तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "यादीत काय काय होतं ते आठव बघू."

"इतिहास. कुकी. साठवलेली चित्रं."

"इतिहास म्हणजे आपण कुठे कुठे जाऊन आलो त्याच्या पाऊलखुणा. कुकी (आपण परत आलो की ओळखावं म्हणून एखादं संकेतस्थळ आपल्याच यंत्रात ठेवतं ती चिठ्ठी) पुसल्या तरी बिघडत नाही. फार तर परत नाव सांगून आत जावं लागतं. आजीच्या दुखण्यात आपण जे जे शोधलं, ते या दोन्हींच्या जोरावर जाहिरातवाल्यांना कळत होतं. ते पुसलंस ते बरं केलंस. आणखी काय होतं?"

"सगळ्यात खाली एक होता. त्याच्यात आधीपासून खूण नव्हती. मी केली. 'साठवलेली सुरक्षा प्रमाणपत्रं.' त्याने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की."

मी आयुष्यभर भू-स्थानकात (उपग्रहांशी बोलणाऱ्या मोठ्या तबकड्यांच्या केंद्रात) नोकरी केली, त्यामुळे काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. ब्राउझर इतिहास पुसताना प्रमाणपत्रांना सहसा हात लावत नाही. तो ती वेगळ्या कप्प्यात ठेवतो. पण घटाच्या धुण्यात वाढलेल्या पोरीने तो कप्पाही धुऊन टाकला होता.

मी तिला समजावून सांगणार, तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर मंजिरी होती. तोच चेहरा, तळावरचा तोच करडा अंगरखा, कपाळावर सरळ न राहणारी तीच बट.

"कस्तु, बाळा, कशी आहेस माझी राणी? तळाचं पान उघडत नाही ना? काळजी करू नकोस. आमचं प्रमाणपत्र बदललंय. मी एक दुवा पाठवते. तो टॅबवर उघड, लाल पाटी येईल, घाबरू नकोस, 'तरीही पुढे जा' दाब. मग पोटभर बोलू."

दुवा आला. कस्तुरीने उघडला. दुसरी लाल पाटी आली. पहिलीसारखीच.

आता थोडं आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. कोणाचाही चेहरा आणि आवाज उचलून फोन करणारे लोक हल्ली इतके झालेत, की गावात त्यांना बहुरूपी म्हणतात. ते खऱ्या बहुरूप्यांच्या दृष्टीने वाईटच आहे. खरा बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो, घाबरवतो, आणि शेवटी हसून आपण कोण ते सांगतो. हे शेवटी सांगत नाहीत. चंद्रावर माणूस असलेल्या घरांवर त्यांचा डोळा असतो, कारण त्या घरांत लोक आवाज ऐकायला आसुसलेले असतात. एकदा का अशा पानाला तुम्ही "हे आमच्या ओळखीचं" म्हणून साठवलंत, की पुढे दाराचं कुलूप, दवाखान्याचे कागद, सगळं ते त्या ओळखीवर उघडायला लावतात.

कस्तुरीला हे माहीत होतं. तिने फोनकडे बघून विचारलं, "आपल्या मांजरीचं नाव काय?"

चेहरा थोडा थांबला. मग म्हणाला, "ढमी. हे काय विचारतेस?"

कस्तुरीने माझ्याकडे आनंदाने पाहिलं. मी मान हलवली आणि फोनचा आवाज बंद केला. "ढमीवर तू शाळेत निबंध वाचलास. शाळेने तो सगळ्यांना दाखवला."

"पण ती थांबून बोलली, आबा. चंद्रावरून आवाज यायला वेळ लागतो म्हणून."

"थांबून तर मीही बोलू शकतो."

मी आवाज परत सुरू केला. तेव्हा तो चेहरा माझ्याकडे बघत म्हणाला, "आबा, किती वाळलात. आईची आठवण येते ना? मला रोज येते. दाबा ना ते बटण, मला तुमच्याशी आईबद्दल बोलायचंय."

एवढ्या शंका घेणारा मी, पण खरं सांगतो, माझं बोट बटणाकडे गेलं. दीड वर्षात कोणी मला असं विचारलं नव्हतं.

कस्तुरीने माझं मनगट धरलं. "आबा, थांबा. मला नाही वाटत."

"का?"

"आई इतकं गोड बोलत नाही."

मी फोन पालथा ठेवला. आतून आवाज येत राहिला, "आबा? आबा?" कस्तुरीने तो उशीखाली सरकवला.

"तू म्हणतेस ते खरं असेल," मी म्हणालो. "पण ती चार महिन्यांसाठी निघालीय. अशा वेळी माणूस गोड बोलूही शकतं. शंका येणं चांगलं, पण शंका म्हणजे पुरावा नाही. खरी असली आणि आपण उघडलं नाही, तर?"

कस्तुरीचे डोळे भरले. "काल सांगितलं असतं टॅबने कोण खरं ते."

"सांगितलं असतं. तेच तर तू पुसलंस. काल एक पान हिरवं दिसलं असतं आणि एक लाल. आज दोन्ही लाल. खोटं ओळखता येत नाही एवढंच झालं नाही, खरंही ओळखता येईनासं झालं."

मग मी तिला प्रमाणपत्र म्हणजे काय ते सांगितलं. सोयरीक जुळवताना आपण परगावच्या माणसांवर एकदम विश्वास ठेवत नाही. दोन्हीकडच्या ओळखीचा एखादा माणूस असतो, तो म्हणतो, "यांना मी ओळखतो, घर चांगलं आहे." आपण त्या माणसाला ओळखतो, म्हणून त्याने सांगितलेल्या घरावर विश्वास टाकतो. इंटरनेटवर संकेतस्थळाचं प्रमाणपत्र म्हणजे अशा ओळखीच्या संस्थेने सही करून दिलेली ओळख. आणि त्या संस्थेची स्वतःची ओळख ब्राउझरमध्ये आधीच साठवलेली असते. तिला मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर बाकीच्या सह्या तपासल्या जातात ते) म्हणतात.

"मग तळाची ओळख ब्राउझरमध्ये आधीच का नव्हती?"

"मोठ्या संस्थांची असते. तू सगळं पुसलंस तरी ब्राउझरने त्यांची आपल्या मूळ साठ्यातून परत आणली असेल. पण शिशिर तळ लहान आहे, तो आपल्या सह्या आपणच करतो. म्हणून निरोपाच्या दिवशी त्यांनी प्रत्येक घरच्यांना ते प्रमाणपत्र एका चकतीत घालून हातात दिलं होतं. फोनवर नाही, टपालाने नाही. समोर उभं राहून, हातात."

"कुठाय ती चकती?"

"आजीने जपून ठेवली."

"कुठे?"

मी हात उघडून दाखवले. इंदूने ती कुठे ठेवली, हे सांगायचं राहून गेलं होतं. आम्ही तिचा डबा बघितला, देव्हाऱ्याखालचा कप्पा बघितला, शिवणाच्या यंत्राचा खण बघितला. सुया होत्या, बटणं होती. चकती नव्हती. आणि ऊन कलायला लागलं होतं.

"आणखी कोणाला दिली होती?" कस्तुरीने विचारलं.

तोच प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. भामावहिनींचा प्रशांत त्याच तळावर पाण्याचे पंप सांभाळतो. निरोपाला आम्ही एकाच गाडीने गेलो होतो.

मी त्यांना फोन लावला. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "बहुरूप्या, परवा बी तू ह्याच तोंडानं आला व्हतास," आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा उचललाच नाही.

"नदीवर आहेत त्या," कस्तुरी म्हणाली. "जावं लागेल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मी एकटी जाऊ का?"

"नको. टॅब घे आणि चल."

नदीवर अर्धी निगडेवाडी होती. खडकांवर वाकळा वाळत होत्या. भामावहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सतरंजी आपटत होत्या. त्यांचा टॅब काठावरच्या बाभळीला पिशवीत टांगलेला होता, त्यावर भजन चालू होतं.

"वहिनी, तुमचा टॅब जरा बघायचाय. शिशिर तळाचं प्रमाणपत्र."

त्यांनी सतरंजी खाली सोडली नाही. "कशापायी?"

"आमचं पुसलं गेलं."

"तसंच म्हनत्यात समदे. प्रशांतनं सांगितलंय, तळाचं काय बी कुनाला दाखवायचं न्हाई." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुम्ही कधीपास्नं नदीवर यायला लागला? आबा जगदाळे नदीवर येत न्हाईत. इकडं या. पान्यात उतरा."

"कशाला?"

"चित्र भिजत न्हाई."

"मी फोनवर नाही, वहिनी, तुमच्या समोर उभा आहे."

"आजकाल यंत्रं काय काय करत्यात, मला काय ठावं? उतरा."

मी चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि पाण्यात उतरलो. पाणी गार होतं. वहिनींनी ओंजळभर पाणी माझ्या अंगावर उडवलं आणि मी शिंकल्यावर त्यांची खात्री पटली.

"इंदूबाई असत्या तर हसल्या असत्या," त्या म्हणाल्या आणि काठाकडे निघाल्या. "पर दाखवलं आनि माझंच कुलूप उघडलं, तर?"

कस्तुरी माझ्या आधी बोलली. रस्त्याने मी तिला तेच सांगत आलो होतो. "भामाआजी, प्रमाणपत्र म्हणजे दारावरची नावाची पाटी. ती सगळ्यांनी वाचायचीच असते. गुपित असते ती किल्ली, आणि ती तळावर आहे. तुमच्या टॅबमध्ये नाहीच."

"मग पाटी काय, चोर बी तशीच रंगवंल की."

मला वहिनींचा प्रश्न आवडला. रस्त्यात कस्तुरीनेही हाच विचारला होता. "रंगवेल," मी म्हणालो. "पण ब्राउझर नुसती पाटी वाचत नाही. तो दरवेळी एक नवं कोडं घालतो, आणि ते फक्त त्या पाटीच्या खऱ्या किल्लीनेच सुटतं. चोराकडे ती किल्ली नाही. म्हणून त्याला खरी पाटी लावता येत नाही. स्वतःच्या किल्लीची, वेगळी पाटी करावी लागते. आपल्याला एवढंच बघायचंय, की कोणत्या पानाची पाटी तुमच्याकडच्या पाटीशी जुळते."

"मग माझ्याच टॅबवरनं बोला की मंजिरीशी."

"तुमची पाळी गुरुवारी. तळ घरागणिक पाळी लावतो, आमचा फोन आमच्याच टॅबवर येणार. पण एक सांगा, तुम्ही घटाला टॅब धुतला नाही ना?"

"मला बटनच ठावं न्हाई ते," वहिनी म्हणाल्या. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

प्रत्येक प्रमाणपत्राला एक ठसा असतो. अख्ख्या प्रमाणपत्राचं गणित करून काढलेली अक्षरांची आणि आकड्यांची लांब रांग. प्रमाणपत्रात एक टिंब बदललं तरी सगळी रांग बदलते. म्हणून प्रमाणपत्रं ताडून बघायची असली की ठसे ताडतात. आमच्या ब्राउझरमध्ये ही रांग मराठी अक्षरांत, दोन-दोनच्या जोड्यांनी दिसते.

फोनवरच्या मंजिरीने पाठवलेल्या पानाची लाल पाटी कस्तुरीने समोर धरली आणि "प्रमाणपत्र पाहा" दाबलं. वहिनींनी त्यांच्या टॅबवर शिशिर तळाचं उघडलं. दोघी दगडावर शेजारी बसल्या.

"चार ग," वहिनी बोट ठेवून वाचू लागल्या. "क नऊ. शून्य आठ."

"आहे, आहे, आहे." कस्तुरीची नजर रांगेच्या टोकाला गेली. तिने वाकून वहिनींच्या टॅबवरचा शेवट बघितला. "आबा, शेवटच्या दोन जोड्या पण जुळतात. फ एक, दोन ड. आईच आहे ती. मी उगाच फोन उशीखाली ठेवला. दाबू?"

मंजिरीच होती म्हणायची. माझ्याशी तिच्या आईबद्दल बोलायचं म्हणत होती, ती खरीच होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"थांब गं," वहिनी म्हणाल्या. "माझं वाचून व्हायचंय." त्या पोथी वाचल्यासारख्या वाचत होत्या, एकही अक्षर न गाळता. "तीन अ. ब सात."

कस्तुरीने टॅब डोळ्यांजवळ नेला.

"काय गं? ब सात."

"इथे ब दोन आहे."

"फुडं. नऊ ड."

"इथे पाच फ."

पुढे एकही जोडी जुळली नाही. थेट शेवटच्या दोन जोड्यांपर्यंत.

कस्तुरीने टॅब मांडीवर ठेवला. "सुरुवात आणि शेवट कसा जुळला मग?"

"मुद्दाम जुळवलाय," मी म्हणालो. "यंत्राने लाखो कोटी प्रमाणपत्रं बनवून बघायची आणि सुरुवात-शेवट जुळेल ते वापरायचं. अख्खी रांग जुळवायची म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं लावून सूर्य विझेपर्यंत वेळ पुरणार नाही. पण माणसं टोकंच बघतात, हे चोराला माहीत आहे. आणि 'पान उघडत नाही ना' हे तो दर घरी विचारत असेल, आज आपल्याकडे ते नेमकं लागू पडलं."

मी हे शांतपणे सांगितलं. पण क्षणभरापूर्वी मी हो म्हणणार होतो.

"आता ती दुसरी," कस्तुरी म्हणाली. तिने दुसरी लाल पाटी उघडली. हिच्यामागे कोणाचा चेहरा नव्हता, कोणी राणी म्हणालं नव्हतं, नुसती धमकावल्यासारखी अक्षरं होती. वहिनी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. या वेळी कस्तुरीने टोकाकडे पाहिलं नाही. बोट ठेवून एकेक जोडी म्हणत गेली. मधेच वहिनींना खोकला आला, तेव्हा ती त्याच जोडीवर बोट रोवून बसली. आजूबाजूच्या बायका धुणं थांबवून ऐकत होत्या.

"फ एक," वहिनी म्हणाल्या.

"फ एक."

"दोन ड. संपलं."

"दोन ड," कस्तुरी म्हणाली. "सगळं जुळलं." आणि तरी तिने माझ्याकडे पाहिलं. "आबा, भामाआजींच्या टॅबमधलं खरंय कशावरून?"

मी हसलो. पोरगी तयार झाली होती. "ती चकती त्यांच्या हातात देताना मी शेजारी उभा होतो. आणि त्याच ओळखीवर त्या दर गुरुवारी प्रशांतशी भांडतात."

"भांडत न्हाई. इचारते," वहिनी म्हणाल्या.

कस्तुरीने बटण दाबलं: "ओळख पटली, साठवून ठेव." लाल पाटी गेली. कोपऱ्यात हिरवं कुलूप आलं, आणि मंजिरी दिसली. तिच्या कपाळावरची बट विंचरून घट्ट मागे बांधलेली होती.

"कुठे होतात तुम्ही? दोन तास मी इथे बसलेय. कस्तुरी, केसांना तेल नाही लावलंस? आणि हा कसला गोंगाट आहे?"

कस्तुरीला रडू आणि हसू एकदमच आलं. "आईच आहे," ती वहिनींना म्हणाली.

मी मंजिरीला थोडक्यात सगळं सांगितलं. तिने तळाच्या सुरक्षेला तिथल्या तिथे कळवलं, म्हणजे त्यांना बाकीच्या घरांना सावध करता येईल. मग म्हणाली, "कस्तु, पुसायचं असेल ते पूस. पाऊलखुणा पूस, चिठ्ठ्या पूस. पण प्रमाणपत्रांचा चौकोन मोकळा ठेव. रोज प्रत्येकावर संशय घेत बसावं लागू नये, म्हणून ती असतात. एकदा नीट खात्री करायची आणि ती खात्री सांभाळायची."

"पण संशय घेतला म्हणून तर वाचलो."

"संशय दारापर्यंत आणतो. दार उघडायचं की नाही, ते ठशावरून ठरवायचं."

तिने टॅबमधून माझ्या मागे पाहिलं असावं. "आबा, तुम्ही नदीवर आहात?"

"हो."

"पाय भिजलेत तुमचे."

"वहिनींनी उतरवलं."

तिचा आवाज यायला नेहमी थोडा वेळ लागतो. या वेळी त्याहून जास्त लागला. मग ती म्हणाली, "बरं झालं." आईबद्दल ती एवढंच बोलली, आणि ते मला पुरलं.

चंद्र मावळेपर्यंत ती बोलत होती. पलीकडच्या बाजूला पृथ्वीचा गोंगाट पोहोचत नाही, म्हणून तिथे फार दूरच्या ताऱ्यांच्या क्षीण रेडिओ लहरी ऐकता येतील, त्यासाठी दुर्बीण बसवायला ती चालली होती. आवाज तुटायला लागला तेव्हा ती तेलाबद्दलच काहीतरी सांगत होती. मग पडदा रिकामा झाला. हिरवं कुलूप मात्र तसंच राहिलं.

कस्तुरीने ब्राउझरची यादी पुन्हा उघडली आणि वहिनींना एकेक चौकोन दाखवला. हा पुसा, हा पुसला तरी चालेल, याला हात लावायचा नाही. वहिनींनी तो शेवटचा चौकोन तिच्याकडून तीनदा दाखवून घेतला, आणि मग विचारलं, "हे तू सांगतीस ते खरं कशावरनं?"

"प्रशांतकाकांना विचारा. गुरुवारी."

"इचारनारच हाय."

परत येताना नंदी पुढे आणि आम्ही मागे होतो. कस्तुरी म्हणाली, "आबा, मी मंगळावर जाईन. तिथून आवाज यायला कितीतरी मिनिटं लागतात. तिथून फोन आला तर मीच आहे, हे तुम्हाला कसं कळणार?"

"जायच्या आधी प्रमाणपत्र माझ्या हातात दे. समोर उभी राहून."

"आणि ते हरवलं तर?"

"एक भामावहिनींना दे. एक शाळेत ठेव. ठसा मी पाठ करेन."

"एवढी लांब रांग?"

"रोज थोडी थोडी. तू जाईपर्यंत होईल."

तिने थोडा विचार केला. "मधल्या जोड्या पण पाठ करा," ती म्हणाली.